ट्रायन रोडवरून अलामान्सपर्यंत

लेकीच्या घरातून बाहेर पडलं की दुसऱ्या सिग्नलला एक हिरवी पाटी लागते : ट्रायन रोड. कोथिंबीर आणायची तर तोच रस्ता, देवळात जायचं तरी तोच. मागच्या खेपेचे तीन महिने आणि या खेपेचे दोन, असे पाच महिने ती पाटी बघून झाल्यावर एकदा जावयांना विचारलं, "हा ट्रायन कोण?" ते म्हणाले, "असेल कुणी बिल्डर."

नातीनं फोनवर शोधून सांगितलं, बिल्डर नव्हे, गव्हर्नर. विल्यम ट्रायन, १७६५ ते १७७१ या काळात नॉर्थ कॅरोलिनाचा इंग्रज गव्हर्नर. आणि हे लोक राहतात ती वेक काउंटी त्याच्या बायकोच्या, मार्गारेट वेकच्या, माहेरच्या नावाची. रस्ता नवऱ्याच्या नावाचा आणि अख्खा जिल्हा बायकोच्या माहेरचा, हे आमच्या सौ.ना भलतंच पटलं.

पुढे नातीनं वाचलं की या ट्रायनविरुद्ध इथल्या शेतकऱ्यांनी बंड केलं होतं. रेग्युलेटर म्हणत त्यांना. आमच्याकडे रेग्युलेटर म्हणजे पंख्याचा. इथे म्हणजे सरकारी कारभाराला नियमात बसवू पाहणारी माणसं. त्यांचं भांडण इंग्लंडच्या राजाशी नव्हतं. शेरीफ (म्हणजे कर वसूल करणारा अंमलदार), दस्त नोंदवणारा, कोर्टाचा कारकून, वकील यांच्याशी होतं. मी छत्तीस वर्षं महसूल खात्यात काढली आहेत, कारकुनापासून नायब तहसीलदारापर्यंत. म्हटलं, हे प्रकरण आपल्याच टेबलावरचं दिसतंय, बघायलाच हवं. लेकीनं दोन दिवस रजा टाकली आणि दौरा ठरला.

दिवस पहिला, गुरुवार : न्यू बर्न

सकाळी सातला निघालो. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर. केरी, म्हणजे लेकीचं गाव, तिथून पूर्वेला दोनेक तास, सगळा सपाट मुलूख, दुतर्फा पाइनची झाडं. सौ. म्हणाल्या, "किती वेळ तेच ते झाड." त्याहून जास्त त्या रस्त्याबद्दल सांगण्यासारखं नाही.

न्यू बर्न हे न्यूस आणि ट्रेंट या दोन नद्यांच्या संगमावरचं गाव. स्वित्झर्लंडच्या बर्नवरून नाव घेतलेलं, आणि त्या बर्नचं चिन्ह अस्वल, म्हणून चौकाचौकात अस्वलांचे पुतळे. पेप्सीचा जन्मही इथलाच, एका औषधाच्या दुकानातला. नातीनं तिथे उभं राहून फोटो काढला. माझं लक्ष वाड्याकडे.

ट्रायन पॅलेस म्हणजे विटांचा, दोन बाजूंना दोन इमारती कमानदार ओवऱ्यांनी जोडलेला, अगदी मोजूनमापून बांधलेला वाडा. ट्रायननं जॉन हॉक्स नावाचा वास्तुकार विलायतेहून बरोबरच आणला होता. १७६७ ला काम सुरू, १७७० ला पुरं. खर्चासाठी विधिमंडळानं आधी ५,००० पौंड मंजूर केले आणि मग आणखी १०,०००. "सुधारित अंदाजपत्रक," मी सौ.ना हळूच म्हटलं. कुठलंही बांधकाम पहिल्या आकड्यात उरकल्याचं मी सबंध नोकरीत पाहिलं नाही.

जुन्या पद्धतीचा घोळदार झगा घातलेल्या एका वयस्कर बाईंनी आम्हाला खोल्या दाखवल्या. खुर्च्या, चांदीची भांडी, झुंबरं. मी लेकीकरवी विचारलं, हे पैसे आले कुठून? बाई जराही अडखळल्या नाहीत. डोईपट्टी, आणि दारूवरचा कर. डोईपट्टी म्हणजे जमीन किती, पीक किती हे न बघता माणशी सारखाच कर. सोळा वर्षांवरचा प्रत्येक गोरा पुरुष एक डोकं. बारा वर्षांवरचे काळे स्त्री-पुरुष प्रत्येकी एक डोकं, आणि ते गुलाम असले तर त्यांचा कर मालकानं भरायचा. पाच हजार एकरवाला आपल्या डोक्यामागे जेवढं देणार तेवढंच पन्नास एकरवाला. आणि पश्चिमेकडचा पन्नास एकरवाला शेतकरी हा वाडा आयुष्यात बघणार नव्हता. तिकडून इथे यायला घोड्यावरून कित्येक दिवस लागत.

खरी गंमत अशी की आम्ही पाहिला तो वाडा नवा आहे. मूळचा १७९८ ला जळाला. पुढे त्या जागेवरून रस्ता गेला, घरं उभी राहिली. हॉक्सचे मूळ नकाशे सापडल्यावर ते सगळं हटवून जुन्या पायावर वाडा पुन्हा बांधला आणि १९५९ ला लोकांना खुला केला. मूळचं उरलंय ते फक्त तबेल्याचं अंग. मी तिथल्या विटांवरून हात फिरवला. एक वीट दुसरीसारखी नाही. कुठे भाजून काळपट, कुठे फिकट, एका विटेत बोटाएवढा खळगा. राजवाडा गेला, घोड्यांची जागा राहिली. आणि ज्याच्यासाठी हे सगळं झालं तो ट्रायन इथे जेमतेम वर्षभर राहिला. १७७१ च्या उन्हाळ्यात बढतीवर न्यूयॉर्कला गेला. तिथला गव्हर्नर म्हणून.

रात्री हॉटेलात झोप येईना, म्हणून लेकीनं काढून दिलेले कागद वाचत बसलो. तिनं अवघड इंग्रजीच्या बाजूला पेन्सिलीनं मराठी लिहून ठेवलं होतं.

त्या काळी बहुतेक अंमलदारांना पगार नसे. कामामागे फी घ्यायची, तीच कमाई. फी किती घ्यायची हे कायद्यात होतं, पण कायदा वाचलाय कोणी? दस्त नोंदवायला आलेला शेतकरी समोरचा सांगेल ती रक्कम देई. एकच काम तीन कामं दाखवून तिप्पट फी लावायची, ही युक्ती तर पेटंट. त्यात रोकड नाहीच. नवं कागदी चलन काढायला विलायतेच्या पार्लमेंटनं १७६४ ला आडकाठी केलेली. शेतकऱ्याकडे मका आहे, कातडी आहेत, पण कर नाण्यात हवा. नाणं नसलं की जप्ती. जप्त जनावर लिलावात मातीमोलानं घेणारा बहुधा शेरीफाच्याच ओळखीतला.

बरं, वसूल झालेला पैसा तरी खजिन्यात जातो का? १७६७ ला खुद्द ट्रायननं वर लिहून कळवलं की शेरीफांनी वसुलीतली अर्ध्याहून जास्त रक्कम खाल्ली आहे. तो कागद वाचून मी उठून बसलो. म्हणजे साहेबाला सगळं ठाऊक होतं! शेतकरी जे ओरडून सांगत होते तेच साहेब सरकारी पत्रात लिहीत होता. पण शेरीफ ही विधिमंडळातल्या बड्यांची माणसं, त्यांच्यावर हात टाकायचा तर सगळा डोलारा हलणार.

आणि शेतकऱ्यांच्या मागण्या काय? १७६९ चा अॅन्सन काउंटीचा अर्ज आहे. कर ऐपतीप्रमाणे लावा. धान्यात भरून घ्या. मतदान चिठ्ठीनं घ्या. विधिमंडळात कोणी कोणत्या बाजूनं मत दिलं ते नोंदवून ठेवा. विलायतेत आमची बाजू मांडायला बेंजामिन फ्रँकलिनसारखा माणूस नेमा. यातलं जाळपोळीचं काय आहे? आमच्या कचेरीत असा अर्ज आला असता तर मी तो 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' पुढे पाठवला असता. आणि तो तिथेच पडून राहिला असता, हेही खरं.

दिवस दुसरा, शुक्रवार : हिल्सबरो

सकाळी उलटा प्रवास, अडीच-तीन तास. सपाटी संपून जमिनीला चढउतार आला, माती तांबडी झाली. सौ. खिडकीतून बघत म्हणाल्या, "ही बरी. घरची वाटते."

हिल्सबरो छोटंसं, टुमदार गाव आहे. खालून एनो नदी वाहते. तिच्या काठानं चालायला पायवाट आहे. मधोमध जुनं कोर्ट, पांढरे खांब, वर घड्याळ. पण ते १८४० नंतरचं, गोष्टीतलं नव्हे. रस्त्यांची नावं मात्र गोष्टीतलीच : किंग स्ट्रीट, मार्गारेट लेन आणि अर्थातच ट्रायन स्ट्रीट. नात म्हणाली, "आजोबा, हा माणूस आपला पाठलाग करतोय."

इथला खलनायक एडमंड फॅनिंग. येलमध्ये शिकलेला, उत्तरेकडून आलेला वकील. ऑरेंज काउंटीत दस्तनोंदणी त्याच्याकडे, पलटणीचा कर्नल तो, विधिमंडळात सभासद तोच, वर गव्हर्नरचा खास. आला तेव्हा ठिगळं लावलेला कोट होता आणि आता कोटाला जर आहे, अशा अर्थाची टवाळीची कवनं लोक म्हणत. एका माणसाकडे इतके शिक्के असले की अर्ज कोणाकडे करायचा? त्याच्याविरुद्धचा अर्ज त्याच्याच टेबलावर येणार.

१७६८ च्या एप्रिलात कराच्या थकबाकीपोटी शेरीफानं एका शेतकऱ्याची घोडी जप्त केली. खोगीर आणि लगामासकट. मग गडी जमले, घोड्यांवर बसून गावात आले, घोडी सोडवली आणि जाताना फॅनिंगच्या घरावर गोळ्या झाडून गेले. किंग स्ट्रीटवरच्या बाकावर बसून नातीला हे सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, "घोडीला काय झालं नाही ना?"

मला एकदम आमची म्हैस आठवली. आमची म्हणजे सरकारी. नोकरीचं दुसरं-तिसरं वर्ष, तगाईची थकबाकी, मी मंडल अधिकाऱ्यांबरोबर पंचनामा लिहायला गेलेलो. घरात जप्त करण्याजोगं दुसरं काही नव्हतं. 'म्हैस एक, काळी, कपाळावर पांढरा ठिपका, दुभती,' हे माझ्या अक्षरात. म्हैस कोंडवाड्याकडे निघाली तशी घरधनीण चरवी घेऊन तिच्यामागे चालत आली, चार मैल. म्हणाली, ही दुसऱ्याच्या हाताला पान्हा सोडत नाही. दोन दिवस ती बाई सकाळ-संध्याकाळ कोंडवाड्यात येऊन धार काढून जात होती. नातीला एवढंच सांगितलं आणि म्हटलं, चला, ऊन चढलं.

ट्रायननं फॅनिंगवर खटला भरायला लावला, हे त्याचं श्रेय. सप्टेंबर १७६८. शेतकरी शेकड्यांनी जमतील म्हणून बंदोबस्ताला चौदाशेच्या आसपास शिबंदी आणली. फॅनिंग जादा फी घेतल्याबद्दल दोषी ठरला. दंड? प्रत्येक आरोपामागे एक पेनी. मी खिशातलं एक सेंटाचं नाणं काढून नातीच्या तळहातावर ठेवलं. ती म्हणाली, "हे तर रस्त्यात पडलेलं पण कोणी उचलत नाही."

दोन वर्षं अर्ज-विनंत्यांत गेली. रेग्युलेटरांचा बिनीचा लेखक हर्मन हस्बंड, जुना क्वेकर (म्हणजे शस्त्र न धरणाऱ्या ख्रिस्ती पंथातला), पुस्तिका छापणारा शेतकरी, निवडून विधिमंडळातही गेला. पण १७७० च्या सप्टेंबरात गावाचा संयम सुटला. कोर्ट चालू असताना जमाव आत शिरला. वकिलांना चोपलं. फॅनिंगला पायांना धरून कोर्टाच्या पायऱ्यांवरून खाली ओढत नेलं, डोकं पायरीपायरीला आपटत. न्यायाधीश रिचर्ड हेंडरसन रात्रीच्या अंधारात पळाला. दुसऱ्या दिवशी फॅनिंगचं घर मोडून काढलं. आणि मग हे लोक न्यायाधीशाच्या जागी बसले, खोटं खोटं कोर्ट भरवलं, आणि कोर्टाच्या वहीत प्रलंबित दाव्यांपुढे शिवराळ शेरे मारून ठेवले.

घर मोडणं मला पटत नाही, माणसाला पायरीवर आपटणं तर नाहीच. पण ती वही! छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारले, 'पाहिले', 'दप्तरी दाखल', 'नियमात बसत नाही'. एकदा तरी अर्जदाराच्या हातात लाल पेन गेलं असतं तर त्यानं काय लिहिलं असतं, हा विचार तिथे बसल्या बसल्या पाठ सोडेना.

गावाच्या पूर्वेकडे, कचेरीच्या इमारतींमागे झाडीत एक दगड आहे, त्यावर धातूची पाटी. इथे १९ जून १७७१ ला सहा रेग्युलेटरांना फाशी दिलं. बेंजामिन मेरिल, रॉबर्ट मेसर, रॉबर्ट मटीर, जेम्स प्यू ही चार नावं ठाऊक आहेत. दोघांची दप्तरात नाहीत. आम्ही होतो तोवर तिथे दुसरं कोणी आलं नाही. एक खार पाटीवर चढून बसली होती.

चहा पिताना जावयांनी आणखी एक पाटी वाचून सांगितली : फेब्रुवारी १७८१ मध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, इंग्रज सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिस या गावात तळ देऊन होता, राजाचा झेंडा लावून त्यानं राजनिष्ठांना हाक दिली. हा आपलाच कॉर्नवॉलिस! इथून हरून गेला, हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल होऊन आला, आणि १७९२ ला श्रीरंगपट्टणापुढे पेशव्यांचे सेनापती हरिपंत फडके त्याच्या शेजारी छावणी देऊन होते. बंगालमध्ये त्यानं पहिलं काय केलं तर कलेक्टरांचे पगार वाढवले आणि वरकमाईचे धंदे बंद केले. त्यामागे हिल्सबरो होतं असं माझं म्हणणं नाही. पण चहा थंड होईपर्यंत मी जावयांना तेच समजावत होतो.

दिवस तिसरा, शनिवार : अलामान्स

रात्री घरी झोपून सकाळी पुन्हा निघालो. बर्लिंग्टनच्या नैर्ऋत्येला, शेतांच्या मधे अलामान्सची रणभूमी आहे. तिकीट नाही. एक लहान संग्रहालय, एक जुनं लाकडी ओंडक्यांचं घर, दोन स्मारकं आणि रस्त्यालगत गवताचं मैदान. पानिपत डोक्यात ठेवून आलात तर निराश व्हाल. आपल्याकडे एवढ्या जागेत तालुक्याचा आठवडा बाजारही मावणार नाही.

हिल्सबरोच्या दंग्यानंतर सरकार हललं ते असं : हस्बंडला विधिमंडळातून काढून तुरुंगात टाकलं. जानेवारी १७७१ मध्ये दंगाविरोधी कायदा केला आणि तो मागच्या तारखेपासून लागू केला. त्याच सुमाराला गिल्फर्ड, चॅटम, सरी आणि आमची वेक अशा नव्या काउंट्या कोरून काढल्या. गाऱ्हाणं होतं की काउंटी फार मोठी आहे, हे खरं. पण असंतोषाचा मुलूख चार ठिकाणी वाटला गेला, हेही आपसूकच साधलं. तालुक्याच्या विभाजनाचे प्रस्ताव मी तयार केलेले आहेत. नकाशावर रेघ मारताना 'प्रशासकीय सोय' एवढंच कारण लिहायचं असतं.

मग ट्रायन फौज घेऊन निघाला. १६ मे १७७१. त्याच्याकडे हजाराच्या आसपास माणसं, पण कवायती आणि तोफांसह. समोर शेतकरी दोन हजारांच्या घरात. सेनापती नाही, तोफ नाही, कित्येकांकडे बंदूकसुद्धा नाही. त्यांना वाटत होतं, इतके जमलो तर साहेब बोलणी करील. काही जण तर त्या मैदानात कुस्त्या खेळत होते म्हणे. डेव्हिड कॉल्डवेल नावाचे पाद्री दोन्ही बाजूंमध्ये खेपा घालत राहिले. हस्बंड गोळीबारापूर्वीच निघून गेला. शस्त्र धरणं त्याला मान्य नव्हतं. ट्रायननं पांगायला मुदत दिली, ती संपली, तोफा सुटल्या. दोनेक तासांत खेळ खलास.

दुसऱ्या दिवशी जेम्स फ्यू नावाच्या तरुणाला तिथेच झाडाला लटकवलं. चौकशी नाही, खटला नाही. त्याचं कुटुंब पुढे जॉर्जियात गेलं आणि सोळा वर्षांनी त्याच्या सख्ख्या भावानं, विल्यम फ्यूनं, अमेरिकेच्या राज्यघटनेवर सही केली. संग्रहालयात हे वाचून मी नातीला दोनदा वाचायला लावलं.

१८८० साली उभारलेल्या ग्रॅनाइटच्या स्मारकाजवळ जावयांशी थोडी चकमक झाली. त्यांचं म्हणणं, ही स्वातंत्र्ययुद्धाची पहिली लढाई. इथले बरेच लोक तसंच मानतात. मला ते गळी उतरत नाही. ट्रायनच्या फौजेतली माणसं बघा : रिचर्ड कॅसवेल होता, तो पुढे स्वतंत्र राज्याचा पहिला गव्हर्नर. जेम्स मूर, रॉबर्ट हाऊ, दोघे स्वातंत्र्ययुद्धात सेनापती. तो दंग्याचा कायदा आणणारा सॅम्युअल जॉन्स्टन, तोही नंतर गव्हर्नर. राजाच्या करापायी चवताळलेले हे लोक, गावच्या शेरीफाबद्दल ओरडणाऱ्यांवर मात्र तोफा लावून उभे होते. लढाईनंतर सहा हजारांवर लोकांकडून राजनिष्ठेच्या शपथा घेतल्या. पाच वर्षांनी हेच नेते त्याच शेतकऱ्यांकडे गेले, राजाविरुद्ध चला म्हणून. कित्येक जण आले नाहीत. मी तरी कशाला गेलो असतो?

जावई म्हणाले, "पण बाबा, तुम्ही तर फॅनिंगच्या टेबलावर बसला असता." सौ. खो खो हसल्या. मलाही हसू आलं, पण जरा उशिरानं.

ओंडक्यांच्या घरात वेळ छान गेला. १७८० च्या सुमाराचं, जॉन अॅलन याचं. ते जवळच्या स्नो कॅम्पहून इथे आणून ठेवलंय. एक खोली, वर माळा, एका अंगाला मोठी चूल. ओंडक्यांच्या फटींत माती लिंपलेली. सौ.नी चुलीपुढे वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "वैलाची सोय नाही." मग बराच वेळ त्या आणि तिथली स्वयंसेवक मुलगी, दोघी हातवारे करत भाकरीबद्दल बोलत होत्या. एवढ्या घराला काय जप्त करणार, मी बघत होतो. एक लोखंडी भांडं, एक चरखा.

फॅनिंगचं काय झालं, तेही शेवटी विचारून घेतलं. युद्धात राजाकडून लढला, पुढे कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटाचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला, म्हातारा होऊन १८१८ मध्ये लंडनला वारला. हस्बंड पेन्सिल्व्हेनियात पळाला आणि सत्तरीत तिथल्या दारूवरच्या करावरून झालेल्या दंग्यात पुन्हा पकडला गेला. १७९४ साली, जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असताना.

परतताना गाडीत सगळे पेंगले होते. ट्रायन रोडची पाटी दिसली तशी नात एकदम जागी होऊन म्हणाली, "आजोबा, आणि ती म्हैस? ती परत दिली का मग त्या आजीला?"

मी पुढचा सिग्नल बघत होतो.

"नाही गं," मागून सौ. म्हणाल्या. "लिलाव झाला तिचा. ह्यांनीच बोली लिहून घेतली होती."

सिग्नल हिरवा झाला. नातीनं विचारलं, "मग दूध?"

त्याचं उत्तर सौ.नाही ठाऊक नव्हतं. कोंडवाड्यातून ती चरवी मीच आणून कचेरीत ठेवली होती, बाई मागायला येईल म्हणून.